घुमारा कुठं गेला

काजलने बनवलेल्या हेडफोन ॲम्प्लिफायरची तारीफ करताना कादरचाचा थकत नसत. शेगावात त्यांचा मंडप-माईकचा धंदा. भजनाच्या कार्यक्रमात स्टेजच्या मागे मिक्सर मांडून, कानाला हेडफोन लावून ते प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करायचे. पोरीच्या डब्यात दम आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे आणि काजल फुशारून जायची. फुशारणारच की! पहिलाच डबा होता तिचा.

त्याच सुमारास तिच्या बापाचा हात गेला. म्हणजे लोक तसं म्हणू लागले. गोविंदा भजनी मंडळात ढोलकी वाजवायचा, पण स्पीकरमधून हल्ली नुसती टिकटिक यायची, ढोलकीचा तो जाड, घुमणारा आवाज, घुमारा, नाहीच. मंडळाच्या पंजाबरावांनी सांगून टाकलं की येत्या गुरुवारी शेवटचं पाहू, मग ढोलकी मंडळातल्या हर्षलकडे. गोविंदा आणखी जोर लावून वाजवू लागला. बोटं सुजली, त्यांना चिकटपट्टी गुंडाळली आणि पुन्हा बसला. काजलला ते बघवेना.

घरी हाच माणूस वाजवायला बसला की मांडणीतली भांडी थरथरायची. मग घुमारा वाटेतच कुणीतरी गिळत होतं. ती तडक चाचांच्या दुकानात गेली. मंडळाचं रेकॉर्डिंग तिने आधी स्पीकरवर ऐकलं, मग आपल्या डब्यातून हेडफोनवर. डब्यातून घुमारा चांगला दुप्पट! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि लगेच तोंड कडू झालं.

चाचांची एक खोड होती. कार्यक्रम चालू असताना ते हेडफोनची पिन हिसका मारून उपटायचे. त्या हिसक्यात शॉर्ट होऊन आयसी, म्हणजे डब्यातली मुख्य चिप, जळू नये म्हणून काजलने आउटपुटला वीज अडवणारा भला मोठा रेझिस्टर घातला होता. आयसी वाचला, पण त्या हेडफोनचा विजेला होणारा विरोध सगळ्या सुरांना सारखा नव्हता. जाड आवाजाला तो वाढायचा, आणि वाटेत मोठा रेझिस्टर असला की नेमका तेवढाच आवाज फुगायचा. चाचांच्या कानात घुमारा मावेना, म्हणून ते मिक्सरवर तो उतरवायचे. समोर बसलेल्यांच्या वाट्याला टिकटिक.

"चाचा, बाबाचा हात नाही गेला," ती म्हणाली. "माह्या डब्यानं तुमच्या कानाले फसवलं."

चाचांना ते पटेना. एवढा दमदार डबा कशाला उघडायचा, म्हणाले. काजलने तोवर स्क्रू काढलेसुद्धा होते. शॉर्ट सोसणारा आयसी बसवला, मोठ्या रेझिस्टरच्या जागी अगदी छोटा लावला, आणि हेडफोन त्यांच्या हाती दिला. चाचांनी तोंड वाकडं केलं. त्यांना आवाज सपक वाटला.

"सपक नाही, खरा हाये. गुरुवारी याच्यावरच मिक्सर लावा. आन् पिन उपटू नका."

गुरुवारी संध्याकाळी गोविंदाने पट्ट्या गुंडाळलेल्या बोटांनी सगळा जीव एकवटून पहिली थाप मारली. स्पीकर असा घुमला की पंजाबरावांच्या हातातले टाळ थांबले. गोविंदाला मात्र सवयच लागली होती. तो मान खाली घालून बडवतच राहिला.

काजल मिक्सरजवळून उठून स्टेजच्या कडेला आली.

"हळू, बाबा," ती म्हणाली. "आता आयकू येते."

गोविंदाने थांबून तिच्याकडे पाहिलं. मग एकेक पट्टी सोडून बाजूला ठेवली, आणि पूर्वीसारखं निवांत वाजवायला घेतलं.