टाकून दिलेले टेक

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, जुन्या गुन्हेगारी सिनेमांचं वेड आहे असं लोक म्हणतात. साफ खोटं. सिनेमे त्यांनी धड पाहिलेलेसुद्धा नाहीत. त्यांना हवं असतं त्यातलं जॅझ: खुनी जिना उतरतानाचं, पोरंपोरी चोरलेली गाडी पळवतानाचं. कुठल्या कुठल्या कंपन्या ते जुनं संगीत नव्याने रेकॉर्डवर काढतात आणि भाऊजी दोन-दोन प्रती घेतात. एक ऐकायला, एक ठेवायला. ठेवायच्या प्रतीवरचं प्लास्टिक फोडायचं नाही. ताई म्हणते, घरात मी सोडून सगळं प्लास्टिकमध्ये आहे.

ताई त्यांना पसंत पडली तीही बाबांमुळेच, याबद्दल मला शंका नाही. आमचे बाबा ट्रम्पेट वाजवायचे. तरुणपणी एका खूनपटात त्यांनी वाजवलं होतं. खुनी अंधाऱ्या जिन्यावरून उतरतो आणि एकटा ट्रम्पेट त्याच्याबरोबर उतरतो. त्या काळी वादकांची नावं छापत नसत, पण आमच्या घरात ते छापल्यासारखंच होतं. "एका दमात वाजवलं, दुसरा टेक घ्यावाच लागला नाही," हे वाक्य आम्ही जेवणाबरोबर गिळत मोठे झालो.

सगळ्यात जास्त गिळलं ते दादाने. तोही ट्रम्पेट वाजवायचा, आणि चांगला वाजवायचा. बहीण म्हणून म्हणत नाही, खालच्या मजल्यावरची माणसं खिडक्या उघडून ऐकायची. पण बाबा शेजारच्या खोलीतून त्याची रोज लाज काढत. वर्षानुवर्षं कुठूनच बोलावणं येईना, तेव्हा त्याने ट्रम्पेट विकून टाकला. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. बाबा पाहुण्यांना सांगतात, माझा जिना आणि याची लिफ्ट, आणि स्वतःच हसतात.

बाबांच्या वाढदिवसाला भाऊजी त्याच सिनेमाची रेकॉर्ड घेऊन आले. मागे छापलं होतं की मूळ संगीताबरोबर टाकून दिलेले टेकही आहेत, मधल्या बोलण्यासकट. जिन्याचेसुद्धा. एका दमात वाजवणाऱ्याचे टाकलेले टेक कुठून आले, हे भाऊजींच्या डोक्यातच आलं नाही. दुर्मीळ म्हटलं की त्यांचं डोकं बंद पडतं. कुणीही शहाण्याने आधी एकदा ऐकून घेतली असती. पण एकच प्रत मिळालेली, आणि प्लास्टिक फोडायचा मान सासऱ्यांचा! बाबांनी फोटोसाठी चष्मा काढून ठेवलेला, त्यामुळे त्यांनीही मागचं वाचलं नाही. टाकून दिलेल्या टेकचीच बाजू भाऊजींनी कौतुकाने आधी लावली.

ट्रम्पेट सुरू झाला आणि चार स्वरांत फाटला. मग एक माणूस थंडपणे बोलला, संगीतकारच असणार. "फुंकतोयस की चूल पेटवतोयस?"

दादाची मान वर झाली. हे वाक्य आमच्या घरातलं होतं. शेजारच्या खोलीतून ते याच शब्दांत, याच थंडपणे यायचं. आम्हाला वाटायचं, ते बाबांचं स्वतःचं आहे.

ट्रम्पेट पुन्हा फाटला. "सॉरी साहेब," असा कोवळा, रडवेला आवाज आला, तो बाबांचा. मग पुन्हा तेच, आणि पुन्हा. शेवटी संगीतकार कुणाला तरी म्हणाला, याला घरी पाठवा, दुसरा आणा. त्यानंतर त्या दुसऱ्याने जिना उतरून दाखवला, खरोखरच एका दमात.

बाबा म्हणाले, बंद करा ते. भाऊजी घाईघाईने सुईकडे वळले, तर दादाने त्यांचं मनगट धरलं.

"पुन्हा लावा. सुरुवातीपासून."

खरं सांगते, मला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. ताई जाऊ दे, जाऊ दे करत राहिली, पण तिला कोण विचारतो! दादाने बाबांना खुर्चीत बसवून सगळं परत ऐकवलं, आणि चुलीचं वाक्य आलं तेव्हा वाकून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग परत लावलं. बाबांचे ओठ आपोआप फुंकल्यासारखे हलत होते.

मग बाबा उठले. मला वाटलं, मोडले आता. कसले मोडतात! दादासमोर उभे राहून सावकाश म्हणाले, "मला हाकललं. पण हाकलायला आधी बोलवावं लागतं. तुला कुणी बोलावलं होतं?"

दादाचं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा आई बोलली. ती इतका वेळ दारात बशा पुसत उभी होती. "आलं होतं बोलावणं," ती बाबांना म्हणाली. "स्टुडिओचा माणूस घरी आला होता. हा बाहेर गेलेला. तुम्हीच त्याला सांगितलंत, मुलाने वाजवणं सोडलंय."

बाबांनी नाही म्हटलं नाही, नुसती नजर चुकवली. मला त्यांना ओरबाडावंसं वाटलं. पण दादा त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो आईकडे बघत होता, आणि आईच्या चेहऱ्यावर मुलाची बाजू घेतल्याचा चक्क अभिमान होता.

"तू घरातच होतीस?" त्याने विचारलं.

"स्वयंपाकघरात. सगळं ऐकलं मी."

"आणि मी ट्रम्पेट विकायला नेला, तेव्हा?"

"मीच तर फडक्यात गुंडाळून दिला तुला," आई म्हणाली. "ओरखडे पडू नयेत म्हणून."

दादाने बूट घातले आणि तो गेला. तेव्हापासून तो आईशी बोललेला नाही. बाबांशी बोलतो.