दोन बेस

“काका, यात बेस दोन आहेत. कोणता ठेवायचा?”

रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीने सहज विचारलं. तिचा काय दोष, सकाळपर्यंत ती आम्हाला ओळखतही नव्हती. पण त्या छोट्या खोलीत आम्ही चौघं होतो आणि तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. चौथे खर्जबुवा. त्यांना प्रश्न ऐकूच आला नव्हता. ते खुर्चीत बसून फडक्याने तारा पुसत होते.

“एक बेसगिटार आहे, दुसरा कीबोर्डवर डाव्या हाताने वाजलाय,” ती म्हणाली. “आणि गिटार अर्धा सूर वर आहे. गाणंभर, अगदी नेमाने.”

“बघू नंतर,” मी म्हणालो. मी ड्रमर. एकतीस वर्षं बुवांच्या शेजारी बसतोय, आणि हा सगळा घोळ मीच घातलेला.

खर्जबुवा हे नावही मीच ठेवलेलं. माणूस छापखान्यात मशीनवर. ऐन विशीत आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला आला, तर गिटारवाले आधीच दोन. तेव्हाच्या मालकाने कोपऱ्यातलं चार जाड तारांचं धूड दाखवलं. “हे वाजवणार असशील तर राहा.” शिकवणारं कोणी नव्हतं. घरच्या लहानशा रेडिओत खालचे सूर धड ऐकू येईनात, म्हणून बुवा रेडिओच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून बसायचे. थरथर कुठे बदलते ते पकडायचं आणि मग गिटारवर ती जागा शोधायची. एका गाण्याला महिना जायचा. सुरांची नावं त्यांना कधीच आली नाहीत. अमक्या तारेचं तिसरं घर, तमक्या तारेचं पाचवं, एवढंच त्यांचं शास्त्र. पण एकदा बोटांत बसलेलं गाणं पुन्हा हलायचं नाही.

बेसवाल्याला कोणी टाळ्या देत नाही. टाळ्या गाणाऱ्या ताईंना मिळतात, उरल्यासुरल्या मला. एकदा बुवा तापाने आले नाहीत, तर मध्यंतरात एक म्हातारा मला येऊन विचारतो, “आज सगळं पोकळ का वाटतंय हो?” हे बुवांना सांगितलं तर ते आठवडाभर खुशीत होते, आणि भेटेल त्याला त्या म्हाताऱ्याचा पत्ता विचारत होते.

छापखान्यातल्या मशीनच्या खडखडाटाने त्यांचे कान खाल्ले. दोन वर्षांपूर्वी वहिनींनी मला जिन्यात गाठलं. “भाऊजी, ह्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. वाजवणं सुटलं तर खचतील हो ते. तुम्ही सांभाळून घ्या.” मी शब्द दिला. तेव्हापासून बुवा माझ्या उजव्या पायावर नजर ठेवून वाजवू लागले. मोठ्या ड्रमवर पाय पडला की त्यांची तार पडायची. ठेका कधी सुटला नाही.

मग गेल्या वर्षी ताईंचा आवाज थकला. सगळी गाणी अर्धा सूर खाली घ्यायची ठरली. ताईंनी तालमीत सांगितलं, बुवांनी मान डोलावली. ऐकू येवो न येवो, मान ते तेव्हा कशालाही डोलवायचे. बोटं मात्र जुन्याच घरांत पडत राहिली. पहिल्याच कार्यक्रमात गाणं एका सुरात आणि बेस दुसऱ्याच सुरात गेला. सांगायला हवं होतं, पण सांगितलं की कानांचा विषय निघणार, म्हणून मी नको तो शहाणपणा केला. साउंडवाल्याला म्हणालो, बुवांचा आवाज बाहेर सोडू नकोस, त्यांच्या पायाजवळचा छोटा स्पीकर तेवढा चालू ठेव. कीबोर्डवाल्याला म्हणालो, डाव्या हाताने तू भरून काढ. वर्षभर बुवा जीव तोडून वाजवत होते आणि श्रोत्यांपर्यंत त्यांचा एक सूर पोचत नव्हता.

आता ताई गाणं थांबवणार होत्या, म्हणून ही चार गाणी. आमचं पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग. बुवा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. “नातीला ऐकवायचंय,” सकाळपासून दहा वेळा सांगून झालं होतं. “तिला वाटतं आजोबा स्टेजवर नुसते उभे असतात.” आणि आमच्या कीबोर्डवाल्याने सवयीने डावा हात चालवला होता.

मी ‘नंतर’ म्हणालो तरी ती मुलगी थांबली नाही. बुवांचा सूर चढा, तर त्यांनाच ऐकवावं, एवढाच तिचा साधा विचार. तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि आवाज इतका वाढवला की तो मला बाहेर ऐकू आला. आधी एक बेस, मग दुसरा, मग दोन्ही एकत्र. बुवा डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडले तेव्हा त्यांनी आधी कीबोर्डवाल्याच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कधीपासून?”

“वर्ष झालं,” मी म्हणालो. समोरून बोललं तर ओठ वाचता येतात त्यांना.

“आणि बाहेर माझं काय जात होतं?”

कीबोर्डवाला म्हणाला, “काही नाही, बुवा.”

ताई रडायला लागल्या. “वहिनींना शब्द दिला होता मी,” मी म्हणालो.

“तिला मध्ये आणू नकोस. कान गेलेत माझे, अक्कल नाही गेली.” त्यांनी हेडफोन काढून ठेवला. “चुकतोय म्हणायचं होतंस. नवीन शिकलो असतो. मला कोण आलं होतं रे शिकवायला?”

तेव्हा ती मुलगी हळूच पुढे झाली. “काका, चारही तारा अर्धा सूर उतरवल्या तर? घरं तीच राहतील.”

तिने सूर मोजायचा काटा त्यांच्यासमोर धरला. बुवांनी एकेक खुंटी जराशी फिरवली. फार तर मिनिट लागलं असेल. वर्षभरात हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही, कारण आम्ही लपवण्यात गुंतलो होतो.

पुन्हा वाजवायचं ठरलं. मोठ्या खोलीत येऊन मी ड्रमपाशी बसलो, उजवा पाय त्यांना दिसेल असा पुढे सरकवला. बुवांनी आपली खुर्ची उचलली, पलीकडे नेली आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीसमोर बसले. हेडफोनचा आवाज त्यांनी पूर्ण वाढवून घेतला होता.

त्यांनी माझी वाट पाहिली नाही. बेस सुरू झाला आणि मीच धडपडत त्याच्यामागे गेलो. चारही गाणी मी त्या पाठीकडे बघून वाजवली. कुठे घाई नाही, कुठे ढिलाई नाही. इतकं भरीव त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि वर्षभर तर ऐकलंच नव्हतं.

वाजवून झाल्यावर त्यांनी गिटार पिशवीत घातली. एकतीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमानंतर ते मला एकच प्रश्न विचारत आले होते. मी हातातल्या काड्या खाली ठेवल्या आणि उठून उभा राहिलो. बुवा माझ्या शेजारून गेले आणि दारात त्या मुलीपाशी थांबले.

“बरोबर लागलं का गं?” त्यांनी तिला विचारलं.