मदतीला आलेला रविराज

अप्पांच्या लॅपटॉपवर गेले पंधरा दिवस एकच सूचना येत होती. एक सिस्टीम फाइल सापडत नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू करता येत नाही.

अप्पा इंदापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन कळंबला घरी बसल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. बायको रंगुबाई आणि तिच्या जोडीच्या बाया जयंतीला जी भीमगीतं म्हणायच्या, ती मोबाइलवर टिपून घ्यायची आणि लॅपटॉपवर मधला खोकला, कुत्र्याचं भुंकणं कापून नीट करून ठेवायची. नेमका तो कापाकापीचा प्रोग्रॅमच उघडत नव्हता.

शेवटी त्यांनी भाचीला फोन केला. मेघना बारामतीत एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात कामाला होती. रविवारी सकाळी ती स्कूटी घेऊन निघाली आणि भवानीनगरपासून पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं रखडत कळंबला पोचली.

"आधी का न्हाय सांगितलं, मामा?"

"तुझ्या जिवाला कशाला ताप? आन् तो रविराज करतच होता की."

"कोण रविराज?"

"कंपनीचा पोरगा. फाइलीचं नाव नेटवर टाकलं, तर तितं मदतीचा नंबर हुता. लई गुणी पोरगं. रोज फोन करतो. आबा, जेवला का, गोळी घेतली का, सगळं विचारतो."

रंगुबाई चहा घेऊन आली. "माझ्या गुडघ्याचं बी विचारलं परवा," ती म्हणाली. "पोटचा पोरगा अनुप, त्यो बी विचारत न्हाय एवढं."

मेघनानं मूळ कंपनीच्या साइटवर जाऊन हवा तो भाग उतरवून घेतला, बसवला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. चहा संपायच्या आत प्रोग्रॅम उघडला. खोलीत रंगुबाईचा आवाज घुमला, मागं टाळ्यांचा ठेका. अप्पांनी मांडीवर थाप मारली.

"एवढंच हुतं?"

"एवढंच. तुमच्या रविराजला पंधरा दिवसांत हे जमलं न्हाय?"

बोलता बोलता तिचं लक्ष पडद्याच्या वरच्या कडेला गेलं. कॅमेऱ्याशेजारचा बारीक हिरवा दिवा जळत होता. तिनं कॅमेरा उघडला नव्हता. चालू प्रोग्रॅमांमध्ये शोधल्यावर तिला एक अनोळखी नाव दिसलं.

"ते रविराजनं टाकलंय," अप्पा म्हणाले. "असू दे. त्याला तिकडनं दुरुस्ती करता येती."

त्या प्रोग्रॅमचं फोल्डर तिनं उघडलं. पडदा फोटोंनी भरून गेला.

हीच खोली. बनियनवर जेवणारे अप्पा. पलंगावर झोपलेले अप्पा, तोंड उघडं. साडी गुडघ्यापर्यंत घेऊन तेल चोळणारी रंगुबाई. मेघना खाली खाली जात राहिली. मागच्या आठवड्यात अप्पांची सून वृषाली लेकराला घेऊन हडपसरहून राहायला आली होती. भिंतीला टेकून, पदर बाजूला करून ती बाळाला पाजत होती. एक नाही, असे कितीतरी फोटो.

मेघनानं लॅपटॉप मिटला, पण उशीर झाला होता. तिच्या खांद्यामागं उभ्या रंगुबाईनं पाहिलं होतं. ती मागं सरकत सरकत भिंतीला लागली आणि तिथंच खाली बसली. अप्पा मिटलेल्या लॅपटॉपकडं बघत होते.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

मेघनानं नेटच्या डब्याची वायर ओढून काढली.

थोड्याच वेळात अप्पांचा मोबाइल वाजला. रविराजचा फोन होता. मेघनानं स्पीकर लावला आणि बोला म्हणून खूण केली.

"आबा, नेट गेलं का?" आवाज गोड होता, घरच्यासारखा. "ती हिरव्या ड्रेसमधली कोण हो? तिला म्हणावं काही काढू नको. मशीन बिघडेल."

मेघनानं नकळत ओढणी गळ्याशी घट्ट धरली.

अप्पा फोनवर वाकले. ते म्हणाले, "तुला दिसती व्हय रं ती?"

फोन कट झाला. मेघनानं लगेच उलटा लावला, तर नंबर बंद.

दुपारपर्यंत घरात कुणी जेवलं नाही. मेघना म्हणाली, "पोलिसांत जायचं. पण आधी वृषालीवहिनीला सांगायला पायजे. मी सांगते."

"न्हाय," अप्पा म्हणाले. "त्याला घरात मी घेतला."

ते अंगणात गेले. खिडकीतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. सुनेशी या विषयावर बोलायला त्यांना शब्द सापडत नव्हते. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा थांबले. अखेर सगळं सांगून झाल्यावर ते फोन कानाला लावून नुसते उभे राहिले. पलीकडून वृषाली रडत होती की गप्प होती, कुणाला कळलं नाही. आत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "उद्या येती ती. म्हणाली, अप्पा, तक्रार माझ्या नावानं द्यायची."

सोमवारी वृषाली आली. बाळाला रंगुबाईच्या मांडीवर देऊन ती अप्पांबरोबर आणि मेघनाबरोबर पोलीस ठाण्यात गेली. काय पाहिलं गेलं असेल, ते तिनं महिला अधिकाऱ्यासमोर नजर न चुकवता सांगितलं. लॅपटॉप पोलिसांनी ठेवून घेतला. नंबर भलत्याच माणसाच्या नावावर निघाला. रविराज नावाचं कुणी आहे की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. फोटो कुठंकुठं गेले असतील, यावर अधिकारी म्हणाल्या, "शोध चालू राहील. आत्ताच काही सांगता येणार नाही."

मग त्या अप्पांकडं वळल्या. "तुम्ही त्याच्याशी काय काय बोलायचा?"

वृषालीनं अप्पांपुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

"झोप लागत न्हाय, ते सांगितलं हुतं," ते म्हणाले. "घरात अजून कुणाला म्हाईत न्हाय ते."