गार पाणी

बानाबाईनं तांब्यातलं घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि समोर अंथरलेल्या शेरवानीवर फुर्रकन फवारलं. कोळशाची इस्त्री फिरली तशी वाफ उठली. कुणाच्या तरी लग्नात एकदाच अंगाला लागलेली ती शेरवानी वर्षानुवर्षं पेटीत पडून होती आणि शेवटी बोहारणीच्या गाठोड्यातून बानाबाईच्या दारात आली होती. गळपट्टीवरचा तेलाचा डाग तिनं खडूच्या भुकटीनं ओढून घेतला होता, तुटल्या गुंडीच्या जागी दुसऱ्या कुठल्या अंगरख्याची गुंडी बसवली होती. गुरुवारी छावणीच्या बाजारात ती पुन्हा नवरदेवासारखी मिरवणार होती.

दारात सावली पडली.

"आक्का, हायेत का घरात?"

आवाज ऐकून इस्त्री एका जागी थबकली. करपल्याचा वास यायच्या आत बानाबाईनं ती उचलली. शालू. धाकटी जाऊ. सासूला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत ही बाई या पत्र्याच्या खोलीचा उंबरा पहिल्यांदा चढत होती.

"हाये की. जाते कुठं?"

शालूनं काखेतली पिशवी खाली ठेवली. पिशवीच्या तोंडातून काळ्या लोकरीचं टोक बाहेर आलं होतं. बानाबाईनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलंच. सासूची घोंगडी.

दुष्काळात मेंढरं विकून दोघं भाऊ पाचोडकडून शहरात आले ते एकाच टेम्पोतून. शालूचा नवरा अजिनाथ गवंड्याच्या हाताखाली लागला, मग गवंडी झाला, मग शहर जिकडं जिकडं वाढत गेलं तिकडं त्याची थापी चालत गेली. आता त्याच्या स्वतःच्या दोन खोल्या उभ्या होत्या. सासू मात्र अंथरुणाला खिळली ती बानाबाईच्या पत्र्याखाली. नऊ महिने बानाबाईनं तिला कूस पालटून दिली, घास भरवला. आणि जाताना म्हातारीनं सगळ्यांदेखत उशाची घोंगडी पुढं सरकवली. "ही शालूला," म्हणाली. तेव्हा बानाबाईच्या हातात म्हातारीची फणी होती. तिनं ती फणी अजून टाकली नव्हती.

"नव्या घराचं जागरण धरलंय रविवारी," शालू म्हणाली. "खंडोबाची तळी भरायला हीच अंथरायची म्हनत्यात हे. पर कोपऱ्याला कसर लागलीय, किडा लोकर खातोय. वास बी मारतोय."

"मग पावडरीत बुडवायची. मशीन घेतलंय म्हनं तुमी."

"मशीनला पानी कुठंय, आक्का? पीठ ठिवते मी त्याच्यात. मुंग्या नाय लागत."

एरवी बानाबाई हसली असती. आज ती शेरवानीची बाही सरळ करत राहिली. घर हिचं. मशीन हिचं. देव हिच्या दारी यायचा, आणि देवापुढं अंथरायची तीही हिचीच. आपल्या वाट्याला तेवढं धुणं.

"ठिव तिथं," ती म्हणाली.

"पानी मी आनते. तुमचं नका वापरू." शालू लगबगीनं गेली.

बानाबाईनं घोंगडी जमिनीवर पसरली. मेंढरांचा वास आला, म्हातारीच्या मिसरीचा आला. बोटं आपोआप काठावरून फिरली. लग्नाच्या पहिल्या साली तिनं हौसेनं एक घोंगडी कढत पाण्यात घातली होती. लोकर अशी आटली, अशी घट्ट झाली, की खांद्यावरची घोंगडी गुडघ्यावरही पुरेना. सासू ओरडली नव्हती. तिनं त्या चिंधीची कोकरांना गादी केली, आणि त्यानंतर कधीही घोंगडी धुवायला काढली की चिंचोक्याची खळ ढवळता ढवळता गाणं म्हणायची:

गार पानी घोंगडीला, ऊन पानी लेकीबाळीला,
एवढं सांगते गं, माझ्या थोरल्या सूनबाळीला.

बानाबाई उठली. घरातलं उरलंसुरलं पाणी तिनं पातेल्यात ओतलं आणि पातेलं स्टोव्हवर चढवलं. कुणी विचारलंच तर सांगता येईल, कसर मारायला ऊन पाणी लागतं. शालूला काय कळतंय त्यातलं. रविवारी देवापुढं अंथरतील कोकराची गादी.

तिनं वाटीभर रिठे भिजत घातले. स्टोव्हला पंप मारला.

शालू परत आली ती डोक्यावर एक हंडा आणि कमरेवर एक कळशी घेऊन. घामानं डबडबली होती. टँकर येऊन पाच दिवस झाले होते. पुढचा कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नव्हतं. बानाबाईनं हंडा उतरवून घेतला. पदराखालून दिसणारे शालूचे केस चिकटून दोरखंड झाले होते.

"डोस्क्याचं काय केलंस हे?"

"न्हायलेच नाय. दोन आठवडे झाले. ह्यासाठी मागं टाकत व्हते रोजचं दोन तांबे."

"येवढं कशाला? छावनीत पैसं दिलं की धुवून मिळतंय."

"आत्याबाईंनी बजावलं व्हतं ना."

"काय बजावलं व्हतं?"

शालूनं कमरेवरची कळशी खाली टेकवली. "तुमाला नाय सांगितलं? म्हनल्या, तुला लोकरीतलं काय बी येत नाय, म्हनून तर तुला देते. ही राखायची तर सालातून येकदा थोरलीचं दार चढावंच लागंल तुला." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोन साल मी चढलेच नाय. तुमचं भ्या वाटायचं. तवा तर कसर लागली."

स्टोव्ह भरभरत होता. पातेल्यावरची झाकणी खडखडायला लागली. शालूनं तिकडं पाहिलं.

"पानी उकळलं, आक्का. ओतू का घोंगडीवर?"

बानाबाईनं वाकून स्टोव्हची हवा सोडली. एकदम शांत झालं. बाहेर कुठंतरी नव्या इमारतीचा मिक्सर फिरत होता, तेवढाच आवाज.

"घोंगडीला गार लागतं," ती म्हणाली. "ध्यानात ठिव."

"मग हे?"

बानाबाईनं पातेलं फडक्यानं धरून मोरीत आणलं. शालूच्या कळशीतलं तांब्याभर गार पाणी त्यात मिसळलं, करंगळी बुडवून बघितली. रिठ्याची वाटी जवळ ओढली.

"पदर सोड. बस त्या दगडावर."

"अवो, माझ्यासाठी कशाला पानी..."

"बस म्हनलं ना."

शालू बसली. मान खाली घातली. पहिला तांब्या पडला तशी ती शहारली. बानाबाईनं रिठ्याचा फेस तिच्या डोक्यात भरला आणि बोटांनी एकेक गुंता सोडवायला घेतला.

"चटका बसतोय का?"

"नाय. बरं वाटतंय."

मळ निघाला तसे केस मोकळे झाले, ओल्या पाठीवरून खाली उतरत दगडाला टेकले. दाट, काळेभोर.

केससुद्धा हिचेच, बानाबाईच्या मनात आलं.

तिनं ओल्या हातानं फळीवर चाचपून फणी काढली.