ट्रे कोरडाठाक होता

मित्रांनो, इन्क्युबेटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोंबडीची पिल्लं येतात. माझ्या नशिबी ती नाहीत. मी एका प्रयोगशाळेतला जुना इन्क्युबेटर आहे आणि अठरा वर्षं कर्करोगाच्या पेशी सांभाळतो आहे. अंगाइतकी ऊब, दमट हवा आणि वेळेवर खाणं मिळालं की त्या सुखाने वाढतात. मी नवा होतो तेव्हा पाहुण्यांना आधी मला दाखवत. आता माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी रचतात.

माझ्या तळाशी पाण्याचा एक ट्रे असतो. त्याच्या वाफेमुळे प्लेटमधल्या पेशी सुकत नाहीत. ज्याची पाळी असेल त्याने रोज ट्रे पाहायचा, पाणी घालायचं आणि दारावरच्या कागदावर टिक करायची. पण ही शहाणी मंडळी सोमवारीच शनिवारपर्यंतच्या टिका करून मोकळी होतात! माझा नुसता संताप होतो. पण माझा लाल दिवा फक्त तापमानासाठी लागतो, संतापासाठी नाही.

इथे संशोधन करणारी एक ताई तीन वर्षं एका औषधाच्या मागे होती. उपाशी पेशी आपल्याच पोटातलं जुनं सामान मोडून खाते आणि तग धरते. ताईचं औषध कर्करोगाच्या पेशीला हे खाणं थांबवूच देत नाही. सामान संपतं, मग कामाच्या वस्तूही जातात आणि पेशी मरते. खाणं सुरू झालं की हिरवे ठिपके दिसावेत, अशी सोय ताईने केली होती. ते खाणं रोखणारं दुसरं औषध सोबत घातलं, तर बहुतेक पेशी वाचत. म्हणजे पेशी मरतात त्या या खाण्यामुळेच, हे दोनदा माझ्याच पोटात सिद्ध झालं. तिसऱ्यांदा जमलं की औषध पुढच्या चाचणीला जाणार होतं.

त्या आठवड्यात पाण्याची पाळी ताईचीच होती. टिका सगळ्या होत्या, पाणी थेंबभर नव्हतं. पेशी प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत, द्रवात असतात. कडेचे खळगे आधी आटतात आणि नेमक्या तिथेच तिने तुलनेसाठी औषध न घातलेल्या पेशी ठेवल्या होत्या. आटणाऱ्या द्रवात त्या कासावीस झाल्या आणि स्वतःला खाऊ लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली जिकडेतिकडे हिरवे ठिपके! ताईने धावत येऊन माझा ट्रे पाहिला आणि दार लावून टाकलं.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख सर आले आणि सूक्ष्मदर्शकात डोकावले. "औषध नसलेल्या पेशीही मरतायत? मग तुझ्या औषधाने काय दिवे लावले?" त्यांनी माझं तापमान पाहिलं, आत सोडलेल्या गॅसचं प्रमाण पाहिलं. "ट्रेमध्ये पाणी होतं ना?"

सगळे कान टवकारून उभे. मागच्याच महिन्यात याच चुकीसाठी सरांनी एकाला चारचौघांत फाडून खाल्लं होतं.

"हो सर," ताई म्हणाली. "टिक आहे ना."

"मशीन ठीक, पाणी ठीक. मग औषध बाद."

अगं, उघड माझं दार! दाखव त्यांना! मी मनात ओरडून ओरडून थकलो.

सर गेल्यावर काचसामान धुणाऱ्या मावशी ट्रे उचलायला आल्या. "ताई, हा तर कोरडाठाक आहे."

"मावशी, प्लीज, कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू? तुम्हीच बोला."

ताई सरांच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. औषधाची बाटली 'बाद' अशी चिठ्ठी लावून फ्रीजरच्या तळाशी गेली. ताई आता माझा ट्रे रोज काठोकाठ भरते. डोंबल उपयोग त्याचा!

मित्रांनो, आधी काम करा, मग टिक करा. आणि चुकलात तर त्याच दिवशी सांगून टाका, कारण लपवलेली चूक कुणाच्या तरी माथी बसतेच. त्या औषधाला तोंड नाही. मलाही नाही. ताईला आहे.