वाळवणाचा कान

"कातेल्लोकाका, ऐका माझं, खिडक्या लावून घ्या," आन्येल्लो दारातून म्हणाला. "आतून आवाज येतोय."

"तुझ्या पोटातला असेल. सकाळी खाल्लंस का काही?"

"चेष्टा नाही, काका. टिकटिक होतेय."

"चाळीस वर्षं मी स्पॅगेटी वाळवतोय, आणि आता तू मला टिकटिक शिकवणार? जा बाबा, तुझ्या त्या लोखंडी कपाटात जा. तिथं बटणं दाब."

आन्येल्लो मान खाली घालून निघून गेला. माणूस वाईट नव्हता. पण मालकांनी उत्तरेकडून वाळवणाचं यंत्र आणलं आणि ते चालवायला त्याला नेमलं, तेव्हापासून कातेल्लोला त्याचं तोंड बघवत नव्हतं. खिडक्या लावायला सांगतोय म्हणे! माल ओला राहावा, आपली फजिती व्हावी, हाच डाव असणार. कातेल्लोने उरलेली खिडकीसुद्धा सताड उघडली. डोंगराकडचा कोरडा वारा आत घुसला आणि वेळूच्या काठ्यांवर टांगलेली पिवळी स्पॅगेटी हलली.

ग्रान्यानोत असा वारा असला की लोकांना आनंद होतो. आख्खं गाव या वाऱ्यावर जगलेलं. पण वाळवताना घाई झाली, तर पीठ सूड घेतं. वरून कडक होतं, आतून ओलं राहतं, आणि मग एकेक काडी उभ्या उभ्या तडकते. तडकताना आवाज होतो, मनगटावरच्या घड्याळाइतका बारीक. तो कानावर पडला की खिडक्या लावायच्या, फरशीवर पाणी मारायचं, मालाला दमट हवेत विसावा द्यायचा. ज्याला तो आवाज सगळ्यांच्या आधी ऐकू येतो तो वाळवणाचा मास्तर. बाकीचे नुसते काठ्या उचलणारे.

आणि कातेल्लोला तो आवाज आठ वर्षांपासून ऐकूच येत नव्हता.

लढाईत खाली बंदरावर बॉम्ब पडले, तेव्हा तो धक्क्यावर पीठ उतरवून घ्यायला गेला होता. जीव वाचला. बोलणं ऐकू येई, चर्चची घंटा ऐकू येई. बारीक आवाज तेवढे कायमचे गेले. चमचा खाली पडला तर त्याला दिसे, ऐकू येत नसे. हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, ब्रिजिदाला.

ब्रिजिदाने कधी अवाक्षर काढलं नाही. रोज सकाळी आणि दुपारी ती काही ना काही निमित्त काढून कारखान्यात येई. कधी डबा, कधी विसरलेला स्वेटर. वाळवणाच्या खोलीत उभी राहून नवऱ्याला चार शिव्या घाली, म्हणजे कुणाला संशय नको. आणि शिव्या घालता घालता ऐके. सगळं शांत असलं, तर डोक्याचा रुमाल सोडून मान पुसायची. टिकटिक असली, तर रुमाल डोक्यावरच राहायचा. मग ती गेली की पाच मिनिटांनी कातेल्लो डोळे मिटून, मान तिरकी करून उभा राही आणि मोठ्याने ओरडे, "खिडक्या!" लोक म्हणत, काय कान आहे म्हाताऱ्याचा! आठ वर्षांत एक खोली नासली नाही.

जानेवारीत ब्रिजिदा न्यूमोनियाने गेली. चार दिवसांत संपलं सगळं.

दोन महिने हवा दमट होती, म्हणून निभावलं; मार्चमध्ये मालकांनी त्याला बोलावून घेतलं. रुजेरो मालक वयाने लहान, बापासारखे खेकसणारे नव्हते, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नसे.

"काका, बसा. न्यूयॉर्कहून तार आलीय, ब्वेनोस आयरेसहून आलीय. आता तर स्वीडनवाल्यांनाही स्पॅगेटी हवीय. स्वीडन, काका! बर्फात बसून खाणार आहेत."

"खाऊ देत की. चांगलंच आहे."

"चांगलं आहे हो, पण तुमच्या पद्धतीने एका खोलीला आठ-दहा दिवस लागतात. यंत्र दीड दिवसात मोकळं होतं. साऱ्या जगाला पुरेल एवढा वारा आणायचा कुठून?"

"आणि चव?"

"चवीचं मला सांगता? मी याच घरात वाढलोय." मालकांनी तारा बाजूला सारल्या. "एक करू. न्यूयॉर्कच्या बोटीसाठी वरची मोठी खोली तुम्ही वाळवा. माल एकसंध निघाला, तर वरच्या खोल्या तुमच्या हाती राहतील, तुम्ही आहात तोवर. नाही निघाला, तर खिडक्या चिणून तिथंही यंत्रच बसवेन."

कातेल्लो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? ऐकू येत नाही म्हणून सांगायचं? मग आठ वर्षं ओरडत होता तो कोण? ब्रिजिदाने जपलेलं सगळं तिच्या माघारी आपणच उघडं पाडायचं?

आठ दिवस तो त्या खोलीत जवळजवळ राहायलाच गेला. गालावर वारा घेई, काडी दाताखाली धरून बघे, काठीला तळहात लावून उभा राही. सहाव्या दिवशी काठ्या भरणारी सिसीना पायऱ्यांवर भेटली. ब्रिजिदाची लहानपणची मैत्रीण. तिला वर न्यावं, म्हणावं, बाई, पाच मिनिटं इथं उभी राहा. एवढंच करायचं होतं.

"सिसीना..."

"काय हो, भावजी?"

"काही नाही. वारा चांगला सुटलाय, नाही?"

"सुटलाय खरा. तुम्ही जेवलात का पण? तोंड बघा केवढंसं झालंय."

"जेवलो," तो म्हणाला. जेवला नव्हता.

आणि आज, आठव्या दिवशी, आन्येल्लोला हाकलून दिल्यावर तासाभराने मालक वर आले. मागून आन्येल्लो, सिसीना, आणखी दहाबारा माणसं. कातेल्लोने धुतलेला सदरा घातला होता. तो खोलीच्या मधोमध, काठ्यांच्या रांगांमध्ये उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

"कुणी बोलू नका. ऐका आता."

त्याने डोळे मिटले, मान तिरकी केली. त्याच्या कानात नेहमीची ती दाट शांतता होती आणि तिच्यात त्याला फार बरं वाटत होतं. जमलं, ब्रिजिदा, तो मनात म्हणाला. तुझ्याशिवाय जमलं गं.

"ऐकलंत?" डोळे उघडून तो हसला. "एक काडी बोलत नाही. झोपलीय खोली."

आन्येल्लो भिंतीकडे बघत होता.

"काय मालक? शांत आहे की नाही?"

मालक एक पाऊल पुढे आले. "आहे, काका," ते म्हणाले. "अगदी शांत आहे."

"हो, शांत आहे," आन्येल्लोही म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सिसीनाने मात्र कामाचा एप्रन तोंडाशी धरला होता, आणि ती रडत होती. हिला काय झालं, म्हणून कातेल्लोने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या पायांकडे बघत होती. त्यानेही खाली पाहिलं. त्याच्या बुटावर बोटभर लांबीचा पिवळा तुकडा पडला होता. तो बघत असतानाच आणखी एक पडला, मग पलीकडे दोन. सगळ्या खोलीभर तुकडे गळत होते आणि कशाचाच आवाज होत नव्हता.

हे सगळे इतका वेळ ती टिकटिक ऐकत उभे होते. आणि आन्येल्लो सकाळी खरं तेच सांगायला आला होता.

शरमेने त्याचे कान तापले. त्याने टोपी काढली.

"आन्येल्लो, तुला मी वाईटसाईट बोललो," तो म्हणाला. "मालक, खिडक्या चिणून टाका."

"काका, आपण बसून बोलू..."

"नको. चिणून टाका."

मोडलेला माल कामगारांनी घरी न्यायचा, ही तिथली जुनी रीत. आजवर कातेल्लोने तो कधी नेला नव्हता, मास्तरने मोडका माल न्यायचा नसतो. आज त्याने वाकून दोन ओंजळी गोळा केल्या, टोपीत भरल्या आणि तो जिना उतरला. त्याला कुणी अडवलं नाही.

घरी येऊन त्याने बटाटे चिरले, पाणी चढवलं, तुकडे त्यात टाकले. झाकण थडथडत होतं म्हणे, त्याला ते ऐकू आलं नाही. शेजारून सिसीनाने दोनदा हाक मारली, त्याचं लक्ष नव्हतं; मग तिने येऊन ज्योत कमी केली आणि ती परत गेली.

दाराजवळच्या खिळ्याला ब्रिजिदाचा निळ्या ठिपक्यांचा रुमाल जानेवारीपासून लटकत होता. कातेल्लोने आजवर त्याला हात लावला नव्हता. त्याने तो काढला, घडी घातली आणि टेबलावर तिच्या खुर्चीसमोर ठेवला.

"काढला बघ," तो म्हणाला. "आता सगळं शांत आहे."

मग ताट वाढून घेतलं आणि तो जेवायला बसला.