आडवी खुंटी

पहाटे जपमाळ हातात घेतली की ती संपेपर्यंत मी तोंड उघडत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा नेम आहे. माझा नवरा बतिस्ता त्या वेळात मला काही विचारत नाही. मी खिडकीशी मरियामातेच्या तसबिरीपुढे बसते. तो मागच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आपली आखूड बंदूक उघडतो, पुसतो आणि परत जोडतो. त्याच्या बंदुकीला मी कधी बोट लावलेलं नाही, पण तिचा कुठला तुकडा कुठल्या आवाजाने कुठे बसतो ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं माझे मणी त्या आवाजांच्या मधूनच सरकत आले.

बंदूक त्याची स्वतःची. म्हणजे दुकानातून आणलेली नव्हे, नळी एकीकडची, दस्ता दुसरीकडचा, आतलं यंत्र तिसरीकडचं, असं जमवून त्याने गोठ्यात बसून बांधलेली. आमच्या लग्नाआधीच घोडा अंगावर पडून त्याचा उजवा खांदा मोडला, तेव्हापासून लांब बंदूक त्याला उघड्या चारचाकीत बसून उचलता येईना. आणि मेंढ्या व्यायच्या दिवसांत कायोटी, म्हणजे इकडचे रानकोल्हे, आपण खाली उतरून नेम धरेपर्यंत काही थांबत नाहीत. ती लबाड जात ओल्या कोकराच्या वासावर टेकडीवरून येते आणि आपण वळेपर्यंत घेऊन जाते. म्हणून आखूड नळी. सरकारने ठरवलेल्या मापापेक्षा आखूड, त्यामुळे परवाना काढावा लागला, तो एकट्या बतिस्ताच्या नावावर. तो जवळ असला तर दुसऱ्याने हातात घेतली तरी चालते. तो नसला तर नाही.

शेजारच्या कुरणातला ऑर्विल तिला ‘बोकूड’ म्हणतो. आखूड, तापट, आणि आवाज मोठा. बतिस्ताला त्याचा राग येत नाही, कारण ऑर्विलची दुकानातली महागडी बंदूक दर थंडीत अडकते.

“तेल किती घातलंयस हे?” बतिस्ताने एकदा तिच्यात बोट घालून विचारलं होतं. “मिरच्या मुरत घातल्यास काय आत?”

“तेल जास्त झालं म्हणून कुणी मेलंय का?”

“थंडीत गोठतं ते. धूळ धरतं. मग कायोटी येतो, तुला रामराम करतो आणि कोकरू घेऊन जातो.”

मात्र आपल्या बंदुकीला तो तेल जरा सढळ हातानेच घालायचा. आखूड नळीत जाळाचा धक्का मागे लवकर आणि जोरात येतो, आतले भाग लवकर झिजतात, असं त्याचं म्हणणं. काडतूस ओढून काढणाऱ्या नखाखालची बारकी स्प्रिंग तो ती थकायच्या आत बदलायचा. गोळीमागचं दार लावणारा बोल्टसुद्धा. एकदा चकचकीत बोल्ट त्याने काढून फेकला तेव्हा मी हळहळले होते.

“अरे, चांगला दिसतोय की अजून.”

“तडा जायच्या आदल्या दिवशीही तो असाच दिसणार, ग्रेशी. तुटला की बदलू म्हणणाऱ्याच्या मेंढ्या जातात.”

आमची मुलगी, नेकाने तिचं नाव, तेव्हा लहान होती. तिने ते ऐकलं होतं, हे या वसंतात कळलं.

या हिवाळ्यात बतिस्ताचं काहीतरी सुटत चाललं होतं. पाणी न घालताच कॉफीचं भांडं चुलीवर. पांढऱ्या कुत्रीला तिच्या मेलेल्या आईच्या नावाने हाक. एका सकाळी खालच्या कुरणाचं फाटक उघडंच राहिलं आणि मेंढ्या रस्त्यावर. मी कुणाला सांगितलं नाही. ऑर्विलने नेकानेला सांगितलं. मेंढ्या व्यायच्या तोंडावर ती कामावरून रजा काढून आली, आणि तिच्या गाडीतून कुलपाचं लोखंडी कपाट उतरलं.

जेवणानंतर तिने विषय काढला. बतिस्ता ताटातला मटणाचा रस्सा पावाने पुसत होता.

“बाबा, बंदूक या कपाटात राहील. किल्ली माझ्याकडे.”

“आणि कायोटी आले तर? तुला फोन करू?”

“कुत्रे आहेत. ऑर्विलकाका आहेत.”

“ऑर्विल!” बतिस्ता हसला. “त्याची बंदूक उडेपर्यंत कोकरांची नातवंडं म्हातारी होतील.”

“बाबा, थट्टा नको. फाटक कुणी उघडं टाकलं?”

तो हळू म्हणाला, “फाटक वेगळं. ही मी बांधलेय. डोळे मिटून जोडतो मी ही.”

“तुम्हीच म्हणायचात ना,” नेकाने म्हणाली, “तुटायच्या आधी बदलायचं?”

त्याने ताट बाजूला सरकवलं. मला वाटलं आता ओरडेल. तो ओरडला नाही. “उद्या ताटल्या लावू,” म्हणाला. “एकदा जरी चुकलो तर किल्ली घे.”

ताटल्या म्हणजे आमच्याकडची पद्धत. मेंढ्या वरच्या कुरणात सोडायच्या आधी एका सकाळी टेकडीच्या पायथ्याशी कागदी ताटल्या खुंट्यांना टोचून ठेवायच्या आणि घरातल्या प्रत्येक बंदुकीने त्यांवर नेम मारून बघायचा. मागच्या वर्षी बतिस्ताच्या ताटल्या मधोमध फुटल्या होत्या. हात त्याचा अजून थरथरत नव्हता. नेमाची मला काळजी नव्हती. मला वाटायचं, बंदूक गेली तर हा माणूस पहाटे उठून करेल काय? मेंढ्यांकडे जायचंच सोडेल. खिडकीशी खुर्चीत बसेल आणि बसूनच राहील.

बंदूक त्याच्याकडेच राहू दे, हीच मागणी घेऊन मी सकाळी माळ हातात घेतली. बाहेर नेकाने खुंट्या ठोकत होती. मागे टेबलावर नेहमीचे आवाज सुरू झाले. कापडाची सळसळ. ब्रश. मग जोडणी. बोल्ट त्याच्या घरात सरकला, तेलकट, मऊ. त्यानंतर आडवी खुंटी यायला हवी होती. करंगळीच्या पेरापेक्षाही लहान पोलादी तुकडा, वरून भोकात सोडायचा की ‘टक’ होतं, आणि वळवला की आणखी एक बारीक आवाज.

टक झालं नाही. एकदम गोळीवर आपटणारी लांब सुई आत गेल्याची सर्र ऐकू आली. मग तिला अडकवणारी टाचणी.

माझं बोट मण्यावर थांबलं. वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. बाहेर हातोडीचा आवाज होता, त्यात बुडालं असेल. तोवर त्याने यंत्र बंदुकीत सरकवलं, झाकण मिटलं आणि उठताना खुर्ची मागे ढकलली.

ती खुंटी काय करते हे बतिस्तानेच मला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सांगितलं होतं. ती बोल्टला फिरवून कुलूप लावते. ती नसली तरी बंदूक मिटते, वरून ठीक दिसते, आणि गोळी उडालीच तर कुलूप न लागलेल्या दारातून सगळा जाळ मागे येतो. तोंडावर.

माळ अर्धीच झाली होती. तापात, बाळंतपणात, माझी आई गेली त्या सकाळीसुद्धा मी मध्ये बोलले नव्हते. तो दाराशी पोचला होता. कडी वाजली.

“बतिस्ता.”

तो जागीच थांबला. वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बंदुकीचं काही नव्हतं, माझी काळजी होती. “ग्रेशी? काय होतंय? छातीत दुखतंय का?”

“मला टक ऐकू आलं नाही.”

“काय?”

“बोल्टनंतरचं. टक.”

तो परत टेबलाशी आला, बंदूक ठेवली आणि चादरीवर तळहात फिरवला. घडीत काहीतरी लागलं. त्याने ते चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. खुंटीच होती, तेलाने चमकत.

ती हातात धरूनच तो खाली बसला.

“हिनं मला कधी दगा दिला नाही,” म्हणाला. “आणि मी...”

“नेकानेला सांगायची गरज नाही,” मी म्हटलं. नेम मोडलाच होता. “परत जोड. मी ऐकते.”

त्याने मान हलवली. मला वाटलं हो म्हणतोय. तो नाही म्हणत होता. उठून त्याने दार उघडलं आणि हाक मारली, “नेका! हातोडी ठेव आणि आत ये.”

ती आली, बुटांना चिखल. त्याने तिच्या तळहातावर खुंटी ठेवली. “ही मी बाहेर ठेवली होती. आणि बंदूक मिटली होती. तुझ्या आईने ऐकलं म्हणून, नाहीतर आज ताटलीऐवजी माझं तोंड फुटलं असतं.”

नेकानेने माझ्याकडे बघितलं. “आई, तू माळेच्या मध्ये बोललीस?”

“बोलले.”

तिने डोळे पुसले. बतिस्ताने खिशातून रुमाल काढून दिला, बंदुकीचाच, तेलकट. ती रडता रडता हसली. “बाबा, शी!”

“पुस. अंगाला लागला तर गंज चढत नाही.” मग त्याने बंदूक तिच्याकडे सरकवली. “किल्ली घे. कपाटात ठेव.”

ती कपाटाकडे गेली नाही. टेबलाशी, त्याच्या खुर्चीत बसली. “परवाना कुणाच्या नावावर आहे?”

“माझ्या.”

“मग तुम्ही शेजारी नसलात तर मला ही हातात धरता येत नाही. मी गाडी चालवणार, तुम्ही बाजूला बसणार. वरच्या कुरणात रोज.” तिने बंदूक उलटीसुलटी केली. “आता सांगा, ही उघडायची कुठून? या तुमच्या ‘बोकूड’ची माहिती कुठे लिहून ठेवलीय थोडीच.”

“बोकूड म्हणायचं नाही,” बतिस्ता म्हणाला. पण तो पुढे वाकला होता. “आधी बघ आत गोळी नाही ना. डोळ्यांनी बघ आणि बोटानेही. हं. आता ही खीळ ढकल. तिकडून नाही गं, इकडून. तुझी नखं कशाला एवढी वाढवलीस?”

मी खिडकीशी परत बसले. मधूनच पुढे जाणं बरोबर वाटेना, म्हणून माळ पहिल्या मण्यापासून धरली. मागे दोघांची कुजबुज, चुका, त्याचं ओरडणं, तिचं उलट बोलणं. बोल्ट सरकला. मग बराच वेळ काही नाही. मी मणी सोडला नाही.

“ऐक,” बतिस्ता तिला म्हणाला. “तुझी आई ऐकतेय.”

टक.